चुकला की पुन्हा पहिला दिवस

अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या अँडी फ्रिसेला नावाच्या उद्योजकाने २०१९ साली आपल्या पॉडकास्टवरून एक व्रत जाहीर केले. ‘७५ हार्ड’ हे त्याचे नाव. ७५ दिवस रोज दोन वेळा ४५-४५ मिनिटे व्यायाम करावयाचा. त्यांपैकी एक उघड्या हवेत, मग बाहेर पाऊस असो वा बर्फ. स्वतःच निवडलेला आहार काटेकोरपणे पाळावयाचा. दारूचा थेंब नाही आणि जिभेचे चोचलेही नाहीत. रोज एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, पाणी प्यावयाचे. दहा पाने वाचावयाची. आणि आपल्या देहाचे एक छायाचित्र काढावयाचे. यांतले एक कलम एके दिवशी चुकले, तर तो ७४ वा दिवस का असेना, सारी मोजणी रद्द. पुन्हा पहिला दिवस.

गेल्या काही वर्षांत हे व्रत मोबाइलच्या पडद्यावरून पुण्या-मुंबईच्या तरुणांपर्यंत येऊन पोचले आहे. त्याविषयी पुरोगामी वर्तुळात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. वडीलधारी मंडळी ‘हे भांडवलशाहीचे नवे चाळे’ असे म्हणून दुसरा चहा मागवतात. तरुण कार्यकर्ते म्हणतात, ‘निदान हे लोक काहीतरी पाळतात तरी, आपल्याकडे काय पाळले जाते?’ पहिला उद्गार आळसाचा आहे आणि दुसऱ्यात अर्धे सत्य आहे. म्हणूनच या व्रताचा विचार टवाळीने नव्हे, तर त्याचे कलम न् कलम तपासून करावयास हवा.

प्रथम एक गोष्ट बाजूला सारली पाहिजे. या व्रताचे जनक पूरक आहाराच्या भुकट्या आणि गोळ्या विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख आहेत, हे खरे. व्रत फुकट आहे, पण त्याचे पुस्तक आणि मोबाइलवरचे ॲप यांना पैसे पडतात, हेही खरे. परंतु एवढे उघड करून आपण फार मोठी चिकित्सा केली असे समजणारे टीकाकार फसतात. विकणारा कोण यावरून वस्तूची परीक्षा होत नाही. उद्या एखाद्या निष्कांचन साधूने हेच व्रत सांगितले असते तरी त्यातले मूळ दुखणे तसेच राहिले असते. ते दुखणे व्यापारात नाही. ‘चुकला की पुन्हा पहिला दिवस’ या एका नियमात आणि त्यामागच्या माणसाविषयीच्या कल्पनेत आहे.

स्वतः फ्रिसेला यांचे म्हणणे असे की, हा व्यायामाचा कार्यक्रम नव्हेच. हा मन कणखर करण्याचा कार्यक्रम आहे. या म्हणण्यात एक गृहीतक लपलेले आहे. माणसे हरतात ती मन लेचेपेचे असल्यामुळे, आणि मन लेचेपेचे राहते ते स्वतःशी तडजोडी केल्यामुळे. म्हणून तडजोडीची वाटच बंद करा. नियमात फेरफार नाही, सबब नाही, आजारपण नाही, घरातले मरण नाही. कारण कोणतेही असो, उत्तर एकच.

आता हिशेब पाहू या. दिवसाची सहा कलमे धरली तर ७५ दिवसांत ४५० वेळा माणसाची परीक्षा होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४५० पैकी ४५० गुण लागतात. ४४९ मिळवणारा आणि एकही न मिळवणारा यांची या शाळेत किंमत सारखी. जगातल्या कोणत्याही समंजस शिक्षकाने अशी परीक्षा घेतलेली नाही. व्यायामाची मात्रा पाहिली तरी तोच अतिरेक दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम पुरेसा आहे. येथे आठवड्याला ६३० मिनिटे होतात आणि विश्रांतीचा दिवस एकही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी मागितलेली रविवारची सुटी मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली मिळाली. जो रविवार मालकाकडून भांडून घ्यावा लागला, तो येथे माणूस हौसेने स्वतःच्या हाताने रद्द करतो. आठवडाभर खुर्चीत बसलेला पस्तिशीचा माणूस एकाएकी रोज दीड तास धावू-उचलू लागला तर त्याच्या गुडघ्यांचे काय होईल, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही. पाण्याचेही तसेच. तहान, ऋतू, वजन, मूत्रपिंडाची स्थिती यांपैकी काहीही न विचारता प्रत्येकाच्या गळी एक गॅलन उतरवणे ही शिस्त नव्हे. अल्पावधीत अति पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम पातळ होऊन माणूस रुग्णालयात पोचू शकतो.

परंतु हे सारे दुय्यम. मुख्य प्रश्न असा की, सवय अशी जडते का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एकच साधी सवय निवडली, उदाहरणार्थ जेवणासोबत एक फळ खाणे किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी थोडे धावणे, आणि ती १२ आठवडे रोज नोंदवली. सवय अंगवळणी पडायला मध्यम प्रमाणाने ६६ दिवस लागतील असे दिसले. पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखी बाधा येत नाही. म्हणजे ज्या चुकीसाठी ‘७५ हार्ड’ माणसाला पायरीवरून लोटून तळाशी नेते, ती चूक सवयीच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. त्याआधी, १९८५ साली, ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या संदर्भात याची दुसरी बाजू मांडली होती. एका घसरणीला संपूर्ण पराभव मानणारा माणूस ‘आता मोडलेच आहे तर मोडू दे’ म्हणून पुरता घसरतो. चतुर्मासातले नेम करणाऱ्या घरोघरच्या आयाबहिणींना ही गोष्ट मानसशास्त्र न वाचताही ठाऊक होती. नेम चुकला तर त्या दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवत, शेवटी उद्यापन करत. आषाढापासून पुन्हा मोजायला बसत नसत.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या १९३५ पासून चालत आलेल्या मंडळातही दारू पुन्हा ओठाला लागली की निर्व्यसनी दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच सगळा फरक दडलेला आहे. तेथे माणूस मंडळापुढे उभा राहून ‘मी घसरलो’ असे सांगतो, आणि समोर बसलेले सगळे कधीतरी घसरलेले असतात. कोणी त्याच्या हातात चहाचा पेला देतो, कोणी आपला दूरध्वनी क्रमांक देतो. मोजणी शून्यावर येते, माणूस येत नाही. ‘७५ हार्ड’मध्ये पंच तोच, गुन्हेगार तोच, तुरुंगही तोच. चुकलेल्याला उचलायला कोणी नाही. आणि तो चुकला हे ऐकायलाही कोणी नाही, एरवी मात्र त्याच्या दंडाचे छायाचित्र पाहायला शेकडो आहेत.

वाचनाच्या कलमाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण बऱ्याच सुजाण माणसांना हे कलम फार आवडते. दहा पाने म्हणजे ७५ दिवसांत ७५० पाने, वाईट काय? वाईट असे की, कथा-कादंबरी-कविता या मोजणीत धरली जात नाही. पाने ललितेतर हवीत, आणि तीही स्वतःचा विकास साधणारी. या नियमाने अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या तरुणाच्या खात्यात शून्य पाने जमा होतील, आणि ‘श्रीमंत कसे व्हावे’ छापाच्या पुस्तकाची दहा पाने चाळणारा उत्तीर्ण ठरेल. हा नियमातला तांत्रिक दोष नव्हे. दुसऱ्याच्या आयुष्यात शिरून त्याचे दुःख आपले मानणे हा ज्यात वेळेचा अपव्यय ठरतो, त्या विचारसरणीचा तो तंतोतंत आविष्कार आहे. याच व्रताचा वर्षभर चालणारा विस्तार आहे. त्याच्या अखेरच्या तीस दिवसांच्या टप्प्यात रोज अनोळखी माणसाशी संभाषण आणि कोणावर तरी एक उपकार अशी कलमे येतात. माणुसकी आहे, पण ती अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे, आणि तिच्यापुढेही टिचकी मारावयाची आहे.

मग ते छायाचित्र. रोज आरशासमोर उभे राहून काढलेली ७५ छायाचित्रे हे या साधनेचे एकमेव दृश्य फळ. याच्या शेजारी दुसरी एक दैनिक साधना ठेवून पाहावी. १९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात मागण्याचे ठरवले. महिन्याला दोन हजार वार. ही शिस्तही कडकच होती, कंटाळवाणी होती, आणि पुष्कळांना ती हास्यास्पद वाटली. पण त्या सुताचे कापड होत असे आणि ते कोणाच्या तरी अंगावर जात असे. चरखा फिरवणारा वकील अर्धा तास का होईना, विणकराच्या कामात वाटेकरी होत असे. आणि पुढचा भाग तर अधिक शिकण्यासारखा आहे. वर्गणीची ही अट लोकांना पेलली नाही. तेव्हा १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला तीत बदल झाला. चार आणे द्या किंवा सूत द्या, अशी मुभा मिळाली. स्वतः गांधीजींची चरख्यावरची निष्ठा यामुळे तसूभरही कमी झाली नाही. स्वतःसाठी कठोर नियम आणि सर्वांसाठी माणसांना झेपेल असा नियम, हा विवेक त्यांच्यापाशी होता. त्यांना कर्मठ म्हणून हिणवणाऱ्यांनी आज अमेरिकेतून आलेल्या कर्मठपणापुढे मान तुकवावी, ही मोठी गंमत आहे.

आता वेळेच्या प्रश्नाकडे वळू. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा आकडा जानेवारी २०२५ मध्ये ९० वर गेला. मूर्तींचा सौम्य आकडाच धरू. सहा दिवसांत ७० तास म्हणजे दिवसाला ११ तास ४० मिनिटे. कल्याण-विरारहून मुंबईत ये-जा करणाऱ्याचे तीन तास प्रवासात जातात. सात तास झोप. उरले दोन तास वीस मिनिटे. त्यांतला दीड तास ‘७५ हार्ड’ने घेतला. राहिलेल्या ५० मिनिटांत अंघोळ, दोन वेळचे जेवण, दहा पाने, आरशासमोरचे छायाचित्र, आणि जमल्यास मुलाच्या पाठीवरून हात. आणि हे झाले ज्याच्या घरी दुसरे कोणी स्वयंपाक करते त्याचे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. पुरुष ८८ मिनिटे. ती २८९ मिनिटांची कसरत कोणी मोजत नाही. तीत सुटीचा दिवस नाही, ती पाऊस पाहत नाही, आणि ती एके दिवशी चुकली तर घर उपाशी राहते. तिला कणखर मनाचे प्रशस्तिपत्र द्यायला कोणीही पुढे आलेले ऐकिवात नाही. उलट आहार ‘काटेकोर’ पाळणाऱ्या नवऱ्यासाठी वेगळी भाजी आणि वेगळी भाकरी ती करते, तेव्हा त्याच्या व्रताचे अर्धे ओझे तिच्या चुलीवर असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. १८८६ साली शिकागोत ज्यासाठी रक्त सांडले आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात जो नोंदवला, त्या आठ तासांच्या दिवसामागे एक साधे गणित होते: काम, विश्रांती आणि माणसाचा स्वतःचा वेळ यांना दिवसाचे सारखे वाटे. व्यायाम, वाचन, गाणे, सभा, प्रेम, हे सगळे त्या तिसऱ्या वाट्यातून व्हायचे. तो वाटा एकीकडे कायद्याने कापला जात असताना दुसरीकडे ‘तुझ्यात निर्धार नाही म्हणून तुझे शरीर सुटले’ असे त्याच माणसाला ऐकवणे, याला दांभिकपणाखेरीज दुसरा शब्द नाही.

निर्धाराची तर या भूमीत कधीच टंचाई नव्हती. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभे राहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधारात धावत असतात. १६०० मीटरची वेळ काही सेकंदांनी कमी व्हावी म्हणून महिनोन् महिने, फाटक्या बुटांनी, गूळ-शेंगदाण्यांवर. गोळाफेकीसाठी कोणी गुंड घेतलेला असतो, कोणी नुसता दगड. ७५ दिवस ही त्यांच्या दृष्टीने सुरुवात असते. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या पुढे गेले होते. म्हणजे शंभरांत एक. समजा, ते सगळे १७ लाख उमेदवार फ्रिसेला यांच्या कसोटीला तंतोतंत उतरले. एकाचाही एकही दिवस चुकला नाही. तरी शंभरांतले नव्याण्णव घरी परतणारच. जागा मन कणखर केल्याने वाढत नाहीत. सैन्याच्या भरतीसाठी धावणाऱ्यांना जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेने सांगितले की, नोकरी चार वर्षांची आहे आणि पुढे ठेवून घेतले जातील ते चारांतले एक. या मुलांना शिस्त शिकवायला निघालेल्याने आधी त्यांच्याकडूनच ती शिकावी.

मात्र येथेच एका गोष्टीची सहानुभूतीने दखल घ्यावी लागते, आणि वडीलधाऱ्या मंडळींच्या नजरेतून नेमकी तीच सुटते. पुण्याच्या पेठांत अभ्यासिकेची खुर्ची भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेची वर्षे काढणाऱ्या तरुणाच्या हातात काय असते? परीक्षेची तारीख त्याच्या हातात नाही. मार्च २०२१ मध्ये ती तोंडावर पुढे ढकलली गेली तेव्हा हेच तरुण पुण्याच्या रस्त्यावर उतरले होते. जागांची संख्या हातात नाही, खोलीचे भाडे नाही, लग्न नाही. जेथे मेहनत घातली की फळ दिसते असे जगात एकच ठिकाण त्याला उरलेले असते, ते म्हणजे स्वतःचे शरीर. दंडबैठका वाढवल्या की दंड भरतात. निदान तेथे तरी निकाल लांबणीवर पडत नाही. ‘७५ हार्ड’ची ओढ या भुकेतून आलेली आहे आणि ती भूक खोटी नाही. तिला चाळे म्हणणे हा अन्याय आहे. दोष आहे तो त्या भुकेपुढे आरसा ठेवणाऱ्यांचा. ज्याला आपल्यासारखे आणखी हजार जण शेजारच्या खोल्यांत आहेत हे दिसायला हवे, त्याला रोज स्वतःचेच छायाचित्र दाखवले जाते.

ही युक्ती काही नवी नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तेरा सद्गुणांची चौकटींची वही आखून रोजच्या चुकांपुढे काळे ठिपके दिले होते. पण त्याने ठिपके पडले म्हणून वही फाडली नाही, आणि आपण परिपूर्णतेपर्यंत पोचलो नाही हे हसत कबूल केले. तो माणूस त्याच्या आजच्या वारसदारांपेक्षा शहाणा होता. १८५९ साली सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ निघाले आणि स्वावलंबनाचा तो धर्मग्रंथ ठरला. त्याचा उगम कोठे होता हे फारसे सांगितले जात नाही. लीड्समधल्या तरुणांनी स्वतःच्या प्रयत्नाने परस्परांना शिकवण्यासाठी एक मंडळ चालवले होते. संध्याकाळी जमावे, ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे, असा तो उपक्रम. १८४५ साली त्यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानातून हे पुस्तक वाढले. म्हणजे मुळात होते ते परस्परसाहाय्य. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येईपर्यंत ‘परस्पर’ गळाले आणि ‘स्व’ तेवढा उरला.

कष्टकऱ्यांच्या चळवळीने शरीराची उपेक्षा केली, असे समजणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक नाही. जर्मनीत १८९३ साली कामगारांनी आपली स्वतंत्र व्यायाम-संघटना उभारली. १९२५ साली फ्रँकफुर्टला आणि १९३१ साली व्हिएन्नाला कामगारांची ऑलिम्पिके भरली. तेथे राष्ट्रांचे ध्वज नव्हते, आणि विक्रमवीराइतकाच मान एका वेळी कवायत करणाऱ्या हजारोंच्या रांगेला होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्या संघटनेवर बंदी आली, आणि कवायत मात्र चालूच राहिली, वेगळ्या गणवेशात. नुसत्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर ध्यास घेतला. रोज नमस्कार घालणारा हाच राजा १९३९ साली आपले अधिकार प्रजेच्या पंचायतींच्या हाती देऊन मोकळा झाला. त्यांच्या नमस्कारांची संख्या पुष्कळांना पाठ आहे. अधिकारदानाची आठवण फार थोड्यांना. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले ते मैदानावर. खेळ, कवायत, गाणे आणि बौद्धिक एकाच संध्याकाळी, एकाच धुळीत. ज्याने शाखा चालवली आहे त्याला ठाऊक असते की, काल न आलेल्या मुलाला आज शिक्षा करायची नसते, त्याच्या घरी जायचे असते. तेथे कळते की आई आजारी आहे, किंवा बाप दारू पिऊन पडला आहे, किंवा चड्डी एकच होती आणि ती वाळली नव्हती.

आता घरचा आहेर, कारण त्या तरुण कार्यकर्त्याच्या अर्ध्या सत्याचे उत्तर अजून दिलेले नाही. ‘आपल्याकडे काय पाळले जाते?’ खरोखर, काय पाळले जाते? सहाच्या बैठकीला साडेसातला येणे हा जणू ज्येष्ठतेचा पुरावा झाला आहे. उशिराने सुरू झालेली बैठक उशिरा संपते. आठला निघणे जिला भाग आहे अशी स्त्री कार्यकर्ती ठराव येण्यापूर्वीच उठून जाते, आणि मग ‘बायका निर्णयप्रक्रियेत येत नाहीत’ यावर परिसंवाद घेतला जातो. रात्रीचे जागरण, सकाळची बिडी, दुपारचा पाचवा चहा, वडापावावर काढलेला दौरा, यांना त्यागाची झालर लावण्यात आली. पन्नाशीत मधुमेह, साठीत हृदयविकार, आणि शोकसभेत ‘त्यांनी प्रकृतीकडे कधी लक्ष दिले नाही’ हे कौतुकाने सांगितले जाते. ते कौतुक नव्हे, तो संघटनेवरचा आरोप आहे. घरी त्या प्रकृतीकडे बायको लक्ष देत होती आणि तिच्या प्रकृतीकडे कोणीच नाही. अभ्यासवर्गाला न वाचता यायचे आणि चर्चेत सर्वांत लांब बोलायचे, हा प्रकार तर इतका रुळला आहे की त्याचे कोणाला वैषम्यही वाटत नाही. अशा घरातून तरुण मुलगा उठून मिसुरीच्या उद्योजकाकडे शिस्त मागायला गेला, तर दोष फक्त मुलाचा नाही.

तेव्हा व्यायामाला, नेमाला, दारू सोडण्याला, पहाटे उठण्याला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. जे कार्यकर्ते हे ७५ दिवस करत आहेत त्यांनी ते खुशाल करावेत. पण धावायला जाताना शेजारच्या दोघांना हाक मारावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ५१ वा दिवस मोजावा, पहिला नव्हे. छायाचित्राऐवजी त्या दिवशी कोणते काम पार पडले याची एक ओळ वहीत लिहावी. दहा पाने वाचावीत, आणि ती चौघांत मोठ्याने वाचली तर कादंबरीचीही चालतील. घरात आहार पाळायचा असेल तर भाजी स्वतः चिरावी. शाखांनी आणि युनियनांनी आणखी एक गोष्ट हाती घ्यावी. गावोगावची नगरपालिकेची मैदाने संध्याकाळी लग्नसमारंभांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जातात, शाळांची मैदाने कुलूपबंद असतात, आणि मुलीने धावावे असा उजेडाचा रस्ता वॉर्डात एक नसतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास मैदान विनामूल्य खुले, दिवे चालू, मुलींसाठी स्वच्छतागृह, ही मागणी घेऊन प्रत्येक तालुका शाखेने येत्या महिन्यात मुख्याधिकाऱ्यांकडे जावे. शिष्टमंडळाची वेळ अकराची असेल तर अकराला तेथे असावे.